ग्रीन टी: पानातले आणि पाकिटावरचे

ग्रीन टी आणि रोजचा चहा ही एकाच झुडपाची पाने आहेत. टपरीवर उकळणारी दाणेदार पावडर, दार्जिलिंगचा फिक्या सोनेरी रंगाचा चहा, चीनचा ऊलाँग आणि ग्रीन टीची छोटी पिशवी, हे सारे 'कॅमेलिया सायनेन्सिस' या सदाहरित वनस्पतीपासून तयार होते. या वनस्पतीचे दोन मुख्य प्रकार आहेत. लहान पानांचा चिनी प्रकार थंडी सोसतो, तर मोठ्या पानांचा आसामी प्रकार उष्ण आणि दमट हवेत वाढतो. यांपैकी कोणत्याही पानाचा काळा चहाही करता येतो आणि हिरवाही. पान खुडल्यानंतरच्या काही तासांत त्याचे काय केले जाते, यावर तो कोणता चहा होणार हे ठरते. ग्रीन टीच्या आरोग्यगुणांची चर्चाही तिथूनच सुरू होते.

घराघरांत परसात लावला जाणारा गवती चहा मात्र चहाच्या कुळातला नाही. ते एक सुगंधी गवत आहे. तुळस, जास्वंद, कॅमोमाइल यांच्या 'टी' म्हणून विकल्या जाणाऱ्या काढ्यांतही चहाचे पान नसते. त्यांचे गुण वेगळे आणि ग्रीन टीचे वेगळे.

पान हिरवे कसे राहते

चहाच्या मळ्यात शेंड्याची न उमललेली कळी आणि तिच्याखालची दोन कोवळी पाने खुडली जातात. पान चुरगळले की त्याच्या पेशी फुटतात आणि आतले 'पॉलिफेनॉल ऑक्सिडेझ' हे विकर हवेतल्या ऑक्सिजनच्या मदतीने कामाला लागते. कापून ठेवलेले सफरचंद किंवा वांगे काळे पडते, ते याच विकरामुळे. काळ्या चहासाठी ही क्रिया मुद्दाम घडवून आणतात. पाने आधी कोमेजू देतात, मग यंत्रात चिरडतात आणि तांबूस होईपर्यंत हवेत पसरून ठेवतात. १९३०च्या दशकात आसाममध्ये आलेल्या सीटीसी यंत्रांनी पान चिरडणे, फाडणे आणि वळवणे ही कामे एकाच फेरीत करायला सुरुवात केली. आज भारतातल्या बहुतेक घरांत येणारी दाणेदार पावडर अशाच यंत्रांतून येते. या प्रक्रियेत पानातल्या मूळच्या 'कॅटेचिन' या द्रव्यांचे रूपांतर थिआफ्लेव्हिन आणि थिआरुबिजिन या संयुगांत होते. चहाचा लालसर रंग आणि कडकपणा त्यांच्यामुळे येतो.

ग्रीन टी करताना हे विकर आधीच निकामी केले जाते. पान खुडले की लगेच त्याला उष्णता देतात. जपानमध्ये ती वाफेने दिली जाते, म्हणून जपानी सेन्चाचा रंग गर्द हिरवा आणि चव काहीशी समुद्री असते. चीनमध्ये कढईची पद्धत रूढ आहे. हांगझौ परिसरातला प्रसिद्ध लोंगजिंग चहा करताना कारागीर तापलेल्या कढईत उघड्या हाताने पाने दाबत, परतत राहतात. त्यामुळे पान चपटे होते आणि त्याला भाजक्या दाण्यासारखा वास येतो. मटारचे दाणे फ्रीजरमध्ये ठेवण्यापूर्वी उकळत्या पाण्यातून काढतात, त्यामागचे कारणही हेच. विकर मेले की रंग टिकतो आणि रंगाबरोबर पानातली मूळ द्रव्येही टिकतात.

भारतालाही हा चहा अगदी नवा नाही. काश्मीरचा कहवा हिरव्या पानांचा असतो. हिमाचल प्रदेशातल्या कांगडा खोऱ्यात एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून चहा पिकतो. तिथल्या हिरव्या चहाला एके काळी काबूल आणि मध्य आशियात मागणी होती. कांगडा चहाला २००५मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. महाराष्ट्रात मात्र ग्रीन टी गेल्या दोन-अडीच दशकांत आला. तो आला तोच 'वजन कमी करणारे पेय' ही ओळख घेऊन, आणि ती ओळख कितपत खरी आहे हे पुढे येईलच.

कपात उतरते काय

ग्रीन टीच्या कोरड्या पानात तऱ्हेतऱ्हेची पॉलिफेनॉल असतात. त्यांतला मोठा भाग कॅटेचिनचा. चार प्रमुख कॅटेचिनांपैकी सर्वांत मुबलक आणि सर्वांत जास्त अभ्यासले गेलेले द्रव्य म्हणजे एपिगॅलोकॅटेचिन गॅलेट, थोडक्यात ईजीसीजी. पान किती, पाणी किती गरम आणि वेळ किती यांनुसार प्रमाण बदलते. तरी मध्यम आकाराच्या एका कपात साधारण ५० ते १०० मिलिग्रॅम ईजीसीजी उतरते.

ही द्रव्ये शोधून काढण्यामागे एका जपानी बाईंची चिकाटी आहे. मिचियो त्सुजिमुरा यांनी होक्काइडो इंपीरियल विद्यापीठात विनावेतन साहाय्यक म्हणून काम सुरू केले, तेव्हा त्या विद्यापीठात स्त्रियांना प्रवेश नव्हता. पुढे त्या टोकियोत आल्या. १९२३च्या भूकंपात तिथली त्यांची प्रयोगशाळा उद्ध्वस्त झाली. तरी नव्या ठिकाणी काम चालू ठेवून त्यांनी एका सहकाऱ्याच्या साथीने १९२४मध्ये ग्रीन टीत क जीवनसत्त्व असल्याचे दाखवले आणि १९२९मध्ये पानातून कॅटेचिन वेगळे काढले. १९३२मध्ये त्यांना कृषिशास्त्रातली डॉक्टरेट मिळाली. जपानमध्ये ती मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री होत.

कपातला दुसरा महत्त्वाचा घटक कॅफिन. एका कपात ते ढोबळमानाने २० ते ४५ मिलिग्रॅम असते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने दिलेल्या आकड्यांप्रमाणे १५० मिलिलिटर फिल्टर कॉफीत ८० ते १२० आणि तेवढ्याच नेहमीच्या चहात ३० ते ६५ मिलिग्रॅम कॅफिन असते. ग्रीन टी त्याहून सौम्य म्हणता येईल, पण कॅफिनविरहित मुळीच नाही. तिसरा घटक म्हणजे थिअनिन हे अमिनो आम्ल. चहाच्या झुडपाखेरीज ते निसर्गात फार थोड्या ठिकाणी आढळते. ग्रीन टीची गोडसर चव त्याच्यामुळे येते. मळ्यावर सावली धरली तर पानात थिअनिन जास्त टिकते. मॅचा आणि ग्योकुरो या महाग जपानी चहांची झुडपे म्हणूनच खुडणीपूर्वी काही आठवडे झाकून ठेवतात.

कॅटेचिन ही अँटिऑक्सिडंट द्रव्ये आहेत. शरीरातल्या नेहमीच्या घडामोडींत तयार होणारे 'मुक्त मूलक' पेशींना इजा करू शकतात आणि अँटिऑक्सिडंट त्यांना थोपवतात, हे परीक्षानळीत स्पष्ट दिसते. शरीरात मात्र गणित बदलते. प्यायलेल्या ईजीसीजीपैकी अगदी थोडा भाग रक्तात पोहोचतो. तोही काही तासांत बाहेर टाकला जातो. उरलेला आतड्यातले जीवाणू मोडतात आणि त्यातून दुसरीच संयुगे तयार होतात. म्हणून 'ग्रीन टीत भरपूर अँटिऑक्सिडंट आहेत' हे विधान खरे असले, तरी तेवढ्याने कोणताही आजार टळतो असे सिद्ध होत नाही. ते सिद्ध करायला माणसांवरचे अभ्यास लागतात.

हृदय आणि रक्तवाहिन्या

माणसांवरच्या अभ्यासांत ग्रीन टीची बाजू सर्वांत भक्कम दिसते ती हृदय आणि रक्तवाहिन्यांच्या बाबतीत. जपानच्या मियागी प्रांतातल्या ओसाकी भागात ४० ते ७९ वयाच्या ४०,५३० लोकांची ११ वर्षे नोंद ठेवली गेली. निष्कर्ष २००६मध्ये प्रसिद्ध झाले. दिवसाला पाच किंवा अधिक कप ग्रीन टी पिणाऱ्यांची तुलना एका कपापेक्षा कमी पिणाऱ्यांशी केली, तेव्हा सर्व कारणांनी होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण स्त्रियांत २३ टक्के आणि पुरुषांत १२ टक्के कमी दिसले. हृदय व रक्तवाहिन्यांच्या आजारांनी होणाऱ्या मृत्यूंत हा फरक आणखी मोठा होता: स्त्रियांत ३१ आणि पुरुषांत २२ टक्के. कर्करोगाच्या मृत्यूंत मात्र फरक आढळला नाही. त्या भागातला कप साधारण १०० मिलिलिटरचा असतो, हेही ध्यानात घ्यायला हवे. तिथले पाच कप म्हणजे आपल्याकडचे दोन-अडीच मग.

२०१३मध्ये जपानमधल्याच ८२,३६९ लोकांच्या पाहणीचे निष्कर्ष आले. दिवसाला दोन-तीन कप ग्रीन टी पिणाऱ्यांत पक्षाघाताचा धोका १४ टक्के आणि चार किंवा अधिक कप पिणाऱ्यांत २० टक्के कमी होता. याच पाहणीत रोज एक कप कॉफी पिणाऱ्यांतही धोका २० टक्क्यांनी कमी आढळला. पाकिटांवर हा दुसरा आकडा अर्थातच छापला जात नाही.

अशा पाहण्यांना एक मर्यादा असते. रोज पाच कप ग्रीन टी पिणारा माणूस इतर बाबतींतही वेगळा असू शकतो. तो मासे जास्त खात असेल, चालत असेल, गोड पेये टाळत असेल. संशोधक वय, वजन, धूम्रपान, आहार यांचा हिशेब मांडून हा फरक पुसण्याचा प्रयत्न करतात, पण तो पूर्ण पुसला जात नाही. म्हणून काही लोकांना ग्रीन टी आणि काहींना दुसरे पेय देऊन, कोणाला काय द्यायचे हे चिठ्ठी टाकल्यासारखे ठरवून प्रयोग केले जातात. अशा १४ प्रयोगांचे, म्हणजे १,१३६ लोकांचे एकत्रित विश्लेषण २०११मध्ये झाले. त्यात एकूण कोलेस्टेरॉल डेसिलिटरमागे सरासरी ७.२ मिलिग्रॅम आणि 'वाईट' म्हणवले जाणारे एलडीएल सुमारे २.२ मिलिग्रॅम कमी झालेले दिसले. 'चांगल्या' एचडीएलमध्ये फरक पडला नाही. रक्तदाबावरच्या प्रयोगांतही वरचा आकडा सरासरी २ अंकांच्या आसपास खाली येतो.

परिणाम आहे, पण लहान आहे. एकूण कोलेस्टेरॉल २४० असलेल्या माणसाला ते २३३ झाल्याने औषध सोडता येत नाही. ज्याचे आकडे सीमारेषेवर आहेत आणि ज्याने तेल, मीठ व बैठी सवय कमी केली आहे, त्याच्या प्रयत्नांना या पेयाचा थोडा हातभार लागतो, इतकेच. कॅटेचिनांमुळे रक्तवाहिन्यांचे आतले अस्तर अधिक लवचीक राहते, हे या परिणामाचे एक संभाव्य कारण मानले जाते.

मधुमेह आणि वजन

मधुमेहाच्या बाबतीतही चित्र असेच आहे. २००६मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जपानी पाहणीत १७,४१३ लोकांपैकी दिवसाला सहा किंवा अधिक कप ग्रीन टी पिणाऱ्यांना टाइप २ मधुमेह होण्याची शक्यता ३३ टक्के कमी दिसली. प्रयोगांत मात्र उपाशीपोटीची रक्तशर्करा डेसिलिटरमागे जेमतेम दीड-दोन मिलिग्रॅमने उतरली. मधुमेह झालेल्या माणसाने ग्रीन टीवर विसंबून गोळी चुकवावी, असे यातले काहीच सांगत नाही.

वजनाचा दावा कुठून आला, तेही पाहण्यासारखे आहे. १९९९मध्ये दहा निरोगी तरुणांना ग्रीन टीचा अर्क देऊन चोवीस तास त्यांच्या शरीराने खर्च केलेली ऊर्जा मोजली गेली. ती सुमारे ४ टक्क्यांनी वाढली. कॅटेचिन आणि कॅफिन मिळून शरीरातली चरबी जाळण्याची क्रिया किंचित वाढवतात, असा अर्थ त्यातून निघाला. दहा माणसांच्या एका दिवसाच्या प्रयोगावर पुढे जाहिरातींचे इमले उभे राहिले. प्रत्यक्षात वजन किती उतरते हे तपासण्यासाठी 'कॉक्रेन' या आंतरराष्ट्रीय संस्थेने २०१२मध्ये १८ प्रयोगांचा आढावा घेतला. त्यात एकूण १,९४५ लोक होते. जपानबाहेरच्या प्रयोगांत सरासरी घट ०.०४ किलो, म्हणजे ४० ग्रॅम भरली. एक पेलाभर पाणी प्यायल्याने काट्यावर याहून मोठा फरक दिसतो. जपानमधल्या प्रयोगांत घट थोडी जास्त होती, पण तीही नगण्य ठरवली गेली.

तरीही ग्रीन टी सुरू केल्यावर वजन उतरल्याचे सांगणारी माणसे खोटे बोलत नसतात. त्यांच्या बाबतीत काय घडते, ते साखरेच्या डब्यात पाहावे लागते. दुधाच्या एका कप चहात दोन चमचे साखर धरली तर ती ८ ते १० ग्रॅम होते. दिवसाला तीन कप म्हणजे २४ ते ३० ग्रॅम. वर्षाकाठी हा हिशेब ९ ते ११ किलोंवर जातो. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४च्या मार्गदर्शक सूचनांनुसार दिवसभरातली साखर २५ ते ३० ग्रॅमच्या आत असावी. म्हणजे ती सगळी मर्यादा एकट्या चहातच संपते. शिवाय दुधातली साय आणि कपासोबतचे खारी, टोस्ट, बिस्कीट वेगळेच. बिनसाखरेच्या ग्रीन टीत जेमतेम दोन-तीन कॅलरी असतात. तीन गोड चहांच्या जागी तीन कप ग्रीन टी आला तर रोज निव्वळ साखरेच्याच शंभर-सव्वाशे कॅलरी वाचतात. वजन उतरते ते यामुळे. त्याच कपात दोन चमचे मध घातला की हा फायदा गेला, कारण मध हीसुद्धा साखरच.

कर्करोग, मेंदू आणि दात

ग्रीन टीमुळे कर्करोग टळतो, हा दावा प्रयोगशाळेतल्या पेशींवरच्या आणि उंदरांवरच्या प्रयोगांतून आला. माणसांबाबत कॉक्रेनने २०२०मध्ये १४२ अभ्यासांचा आढावा घेतला. त्यांत अकरा लाखांहून अधिक लोकांची माहिती होती. निष्कर्ष एकमेकांशी जुळणारे नाहीत आणि ग्रीन टी कर्करोग टाळतो असे म्हणण्याइतका पुरावा नाही, असे त्यात आढळले. उलट, पेय कोणतेही असो, ते फार गरम पिणे अन्ननलिकेला घातक ठरू शकते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१६मध्ये ६५ अंश सेल्सिअसपेक्षा जास्त गरम पेयांना 'बहुधा कर्करोगकारक' या गटात टाकले आहे. तोंड पोळेल असा चहा फुंकून प्यायचा, मग तो हिरवा असो की लाल.

एका ठिकाणी मात्र ग्रीन टीचे कॅटेचिन खरोखर औषध म्हणून मान्य झाले आहे. विषाणूमुळे जननेंद्रियांवर येणाऱ्या चामखिळींसाठी वरून लावायच्या मलमाला अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००६मध्ये मंजुरी दिली. वनस्पतिजन्य मिश्रणांसाठी आखलेल्या नव्या नियमांखाली तिथे मंजूर झालेले ते पहिले औषध. ठरलेली मात्रा, ठरलेला आजार आणि तपासलेला परिणाम या तिन्ही गोष्टी तिथे आहेत. पाकिटावरच्या दाव्यांत नेमक्या याच नसतात.

मनावरचा परिणाम बऱ्याच जणांना स्वतःला जाणवतो. कॅफिन तरतरी आणते. थिअनिन त्यातली धडधड आणि अस्वस्थता कमी करते, असे छोट्या प्रयोगांत दिसले आहे. दोन्ही एकत्र घेतल्यावर काही काळ लक्ष अधिक चांगले लागते. कॉफीनंतर हात थरथरणाऱ्यांना ग्रीन टी मानवतो तो बहुधा यामुळे. पण कॅफिनचा निम्मा भाग शरीरातून जायला साधारण पाच तास लागतात. झोप उशिरा लागणाऱ्यांनी संध्याकाळनंतर तो टाळलेला बरा. दातांच्या बाबतीत, कीड लावणाऱ्या जीवाणूंना कॅटेचिन आवर घालतात असे प्रयोगशाळेत दिसते. बिनसाखरेचे पेय असल्याने तो दातांना गोड चहाइतका जाच करत नाही, हे तर उघडच आहे.

दुधाच्या चहाने काय पाप केले?

ग्रीन टीचे गुण ऐकून रोजचा चहा निरुपयोगी वाटू लागतो. तसे मानायचे कारण नाही. ब्रिटनमधल्या सुमारे पाच लाख लोकांच्या आरोग्यनोंदींवर आधारलेला एक मोठा अभ्यास २०२२मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातले बहुसंख्य लोक काळा चहा पिणारे होते आणि बरेच जण त्यात दूध घालत. दिवसाला दोन किंवा अधिक कप चहा पिणाऱ्यांत मृत्यूचे प्रमाण ९ ते १३ टक्के कमी आढळले, आणि दूध घातल्याने हा संबंध नाहीसा झाला नाही. त्याआधी, २००७मध्ये, बर्लिनच्या शारिटे रुग्णालयातल्या संशोधकांनी १६ स्त्रियांवर केलेल्या प्रयोगात उलट दिसले होते. काळ्या चहाने रक्तवाहिन्या सैल होतात, पण दुधातले केसिन हे प्रथिन कॅटेचिनांना बांधून ठेवते आणि तो परिणाम जातो. हा वाद पुरता मिटलेला नाही. मात्र ब्रिटिश चहात दूध म्हणजे चमचा-दोन चमचे, तर अमृततुल्यच्या कपात दूध आणि साखर हीच मुख्य. तिथले निष्कर्ष इथल्या कपाला जसेच्या तसे लावता येत नाहीत. ग्रीन टीत मात्र दूध घालायचेच नसते.

जपून पिण्याची कारणे

ग्रीन टीचा सर्वांत दुर्लक्षिलेला तोटा लोहाशी संबंधित आहे. चहातली पॉलिफेनॉल पालेभाजी, डाळी, भाकरी यांतल्या लोहाला बांधून ठेवतात आणि ते आतड्यात शोषले जात नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार २०१९ ते २०२१ या काळात देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय होता, आणि महाराष्ट्रातही हे प्रमाण निम्म्याहून अधिक होते. वजन उतरवण्यासाठी जेवणाला लागूनच ग्रीन टी पिण्याची सवय या स्त्रियांना महागात पडू शकते. राष्ट्रीय पोषण संस्थेचा सल्ला सोपा आहे: जेवणाआधी आणि जेवणानंतर निदान तासभर चहा-कॉफी नको. लोहाची गोळी तर चहासोबत कधीच घेऊ नये.

दुसरा धोका कपाचा नसून अर्काच्या गोळ्यांचा आहे. 'ग्रीन टी एक्स्ट्रॅक्ट'च्या एका कॅप्सूलमध्ये अनेक कपांचे ईजीसीजी एकवटलेले असू शकते. युरोपीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०१८मध्ये पुरावे तपासले. पाण्यात उतरवलेला चहा सामान्यतः सुरक्षित असल्याचे, पण पूरक गोळ्यांतून दिवसाला ८०० मिलिग्रॅम किंवा अधिक ईजीसीजी घेतल्यास यकृताच्या इजेची चिन्हे रक्ततपासणीत दिसू शकतात असे त्याचे म्हणणे होते. काही लोकांत जनुकीय कारणाने ही इजा कमी मात्रेतही होते आणि क्वचित ती गंभीर ठरते. डोळे पिवळे होणे, लघवी गडद होणे, अन्नावरची वासना जाणे अशी लक्षणे दिसली तर गोळ्या बंद करून लगेच डॉक्टर गाठावा.

काही औषधांशीही ग्रीन टीचे जमत नाही. रक्तदाबासाठी दिल्या जाणाऱ्या 'नॅडोलॉल' या औषधाचे रक्तातले प्रमाण ग्रीन टीमुळे ८५ टक्क्यांनी घटल्याचे २०१४मधल्या एका छोट्या प्रयोगात दिसले. रक्त पातळ ठेवणारे 'वॉरफरिन' घेणाऱ्यांनीही भरपूर ग्रीन टी पिण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे. गरोदरपणात दिवसभरातले कॅफिन २०० मिलिग्रॅमच्या आत ठेवण्याचा सल्ला युरोपीय प्राधिकरण देते, आणि त्यात चहा, कॉफी, चॉकलेट सगळे आले. उपाशीपोटी प्यायल्यास अनेकांना मळमळते किंवा आम्लपित्त होते. त्यांनी सकाळी उठल्या उठल्या पिण्याऐवजी न्याहारीनंतर तासाभराने प्यावा.

कप कसा करावा

ग्रीन टी कडू लागतो, ही तक्रार बहुतेकदा पानाची नसून आधणाची असते. दुधाचा चहा उकळून उकळून करायची सवय इथे नडते. खळखळत्या पाण्यात पान टाकले की तुरट द्रव्ये एकदम उतरतात. पाणी ७५ ते ८० अंशांच्या आसपास हवे. घरात तापमापक नसतो, म्हणून पाण्याला उकळी आली की गॅस बंद करून चार-पाच मिनिटे थांबावे. जपानी घरांतली युक्ती आणखी सोपी आहे. उकळते पाणी एका कपातून दुसऱ्या कपात ओततात आणि प्रत्येक ओतण्यात ते साधारण दहा अंशांनी उतरते.

एका कपाला सपाट चमचाभर, म्हणजे सुमारे दोन ग्रॅम पाने पुरतात. त्यांवर पाणी ओतून झाकण ठेवावे आणि दोन ते तीन मिनिटांत गाळून घ्यावे. रंग फिकट पोपटी किंवा पिवळसर येतो. तपकिरी रंग आला तर पान जुने आहे किंवा पाणी फार गरम होते. चांगल्या सुट्या पानांवर दुसऱ्यांदाही पाणी ओतता येते. पिशवी वापरायची तर कागदी बरी. नायलॉनच्या जाळीदार पिशव्यांतून गरम पाण्यात प्लास्टिकचे अतिसूक्ष्म कण उतरतात, असे कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१९मध्ये दाखवले. पाने हवाबंद डब्यात, उजेडापासून आणि मसाल्यांच्या वासापासून दूर ठेवावीत, आणि डबा उघडल्यावर काही महिन्यांत संपवावीत.

वर लिंबू पिळण्याला चवीपलीकडेही अर्थ आहे. अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठात २००७मध्ये पचनसंस्थेची नक्कल करून केलेल्या प्रयोगात लिंबूवर्गीय रसामुळे कॅटेचिन पचनाच्या टप्प्यांत कितीतरी जास्त टिकल्याचे आढळले. हा प्रयोग माणसांवर झालेला नाही, पण लिंबाने नुकसान काहीच नाही. आले, पुदिना किंवा गवती चहाची पातही चालते.

निरोगी प्रौढ माणसाने दिवसाला दोन-तीन कप ग्रीन टी प्यावा, साखर-मधाशिवाय, जेवणापासून तासभर अंतर राखून आणि कोमट होऊ देऊन. हृदयाला त्याचा थोडा फायदा होईल आणि साखर बरीच वाचेल. ज्याला त्याची चव आवडत नाही, त्याने ती जबरदस्तीने लावून घेण्याची गरज नाही. त्याने आपल्या नेहमीच्या चहातला साखरेचा एक चमचा कमी करावा. फायद्याचा मोठा भाग त्या चमच्यातच आहे.